फुटामागे एक सूत

"मांस खातोस काय रं?"

खोली बघायला आलेल्या माणसाला घरमालकाने विचारलेला हा पहिला प्रश्न. एकोणीसशे सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बेळगावच्या अनगोळात तेव्हा खोली मागायला गेलं की हा प्रश्न ठरलेलाच असायचा आणि 'हो' म्हटलं की खोली गेलीच म्हणून समजा. दोन दारांवरून मी तसाच परत आलो होतो. म्हणून या वेळी शहाणपणा केला आणि म्हणालो, "छे छे, आम्ही माळकरी."

"मग हितं तुझं जमायचं न्हाय. आमच्यात शिजतंय. वास येतुया. दुसरीकडं बघ."

मी पायरी उतरलो आणि तिथूनच पुन्हा वर चढलो. "खातो. मिळालं तर रोज खातो."

"मगाशी न्हाय म्हनलास."

"खोली मिळावी म्हणून म्हणालो."

"हितं खरं बोलल्यावर खोली मिळतीया. सवय करून घे." एवढं बोलून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

सगळा उद्यमबाग, म्हणजे आमची कारखान्यांची वसाहत, त्यांना मिस्त्री म्हणायचा, मी अण्णा म्हणायला लागलो. आमच्याच कारखान्यात ते पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचा नमुना कोरणारे. त्यांनी कोरलेल्या नमुन्यावरून वाळूत साचा व्हायचा आणि साच्यात लोखंड ओतलं जायचं. मी तिथेच ड्रॉइंगच्या खोलीत नकला उतरवणारा नवशिका. अण्णा निपाणीकडच्या खेड्यातले, बौद्ध. आम्ही खानापूर तालुक्यातले मराठा शेतकरी. स्वतःचं घर बांधण्याआधी अण्णांना बेळगावात तीन खोल्या सोडाव्या लागल्या होत्या. एक आडनाव कळल्यावर आणि दोन मटण शिजल्यावर. म्हणून घर बांधताना त्यांनी ठरवलं होतं की इथे प्रश्न उलटा विचारायचा.

पहिल्या दिवशी वहिनींनी जेवायला बोलावलं. मी उंबऱ्याशी घुटमळलो, "इथेच बाहेर बसतो" असं काहीतरी पुटपुटलो. का, ते अण्णांना कळलं आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. ते रागावले नाहीत. दाराच्या चौकटीवर हात ठेवून म्हणाले, "दार बघितलंस? चार फूट रुंद हाय. गवंडी म्हनला, एवढं कशाला? म्हनलं, माणूस आमच्या घरात येताना जरा आखडतोय. तेवढं श्रिंकेज धराय पायजे." मी आत गेलो. त्या दिवशी मी मान खाली घालूनच जेवलो, हे आजही कबूल करतो.

हे श्रिंकेज म्हणजे अण्णांचा धर्म, तत्त्वज्ञान आणि टाइमपास. वितळलेलं लोखंड थंड होताना आटतं, फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून नमुना तेवढा मोठा कोरायचा. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर एक फूट लिहिलेलं असतं, पण खरी लांबी एक फूट आणि एक सूत. अशी पितळी पट्टी अण्णांच्या खिशात अष्टौप्रहर असायची आणि तिने ते जगातली कुठलीही गोष्ट मोजायचे. दहा जणांना जेवायला बोलावलं की स्वयंपाक बारा जणांचा, कारण "भूक सांगताना माणूस कमी सांगतोय." कुणाची स्तुती करायची तर दीडपट करायचे. मी एकदा बरी नक्कल काढली तर भर कारखान्यात म्हणाले की, असा हात पंचक्रोशीत नाही. मी लाजलो. तर बाजूला घेऊन म्हणाले, "घरी जाईस्तोवर आटती रं ती. मी श्रिंकेज धरलंय." शिव्यांनाही हाच हिशेब लावायचे. त्या बाबतीत मात्र त्यांचा हात फार सढळ होता.

दोन वर्षांनी त्यांनी आईला गावाकडून आणलं आणि त्या डब्याचं प्रकरण सुरू झालं.

आजी सत्तरीच्या पुढची, काटक, कमी बोलणारी. निपाणीत तंबाखूच्या वखारीत तिने जन्म काढला होता. एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्यात पडदा उतरत होता. चुलीच्या धुराने डोळे गेले असं ती म्हणायची. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्षभर दिसेल. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की आजी भिंतीकडे तोंड करून निजायची.

वर्षभर हा शब्द अण्णांच्या डोक्यात घुसला. एका संध्याकाळी पायरीवर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या लहानपणी गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम त्यांच्याच लोकांकडे असायचं. मांस त्यांच्याच वाट्याला यायचं. आजी त्याच्या लांब लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायची. त्या चान्या. पावसाळ्यात ऊन नसलं की दोरी चुलीवर बांधायची आणि धुरावर सुकवायची. सगळ्या वस्तीत तिच्यासारख्या चान्या कुणाला जमायच्या नाहीत. पुढे धम्म घेतला, मेलेलं जनावर ओढणं आणि खाणं सुटलं. त्या दिवशी आजी सदलग्याला गेली आणि सुरी, दोरी दोन्ही दूधगंगेत टाकून आली. त्यानंतर चान्या हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता.

"सोडलं ते बेस केलं," अण्णा म्हणाले. "मेलेलं सोडायचंच हुतं. पर आयेच्या हातात जी कारागिरी हुती, ती बी त्याच पाण्यात गेली रं. ती काय मेलेली न्हवती. आता मी बाजारातनं चांगलं बोकडाचं मटण इकत आणतोय. मग तिनं एकदा तरी कापून दावावं. डोळं हायत तवर."

"मग सांगा की त्यांना."

"सांगितलं. म्हनली, त्ये सोडलंय आपण. आन् चुलीम्होरं मी पुन्यांदा बसायची न्हाय. दुसरं तिचं बरोबर हाय. चुलीनंच तिचं डोळं खाल्लं."

म्हणजे मांस धुरात हवं, पण आई धुरात नको. त्यावर अण्णांनी काढलेला तोडगा असा: विजेवर चालणारं, घरात ठेवता येईल असं, मांस धुरवायचं कपाट. अशी यंत्रं परदेशात घरोघरी असतात, हे त्यांनी रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात चित्रासकट पाहिलं होतं. ते पान त्यांनी मला वाचायला लावलं, तीनदा. मग एका जाड पुठ्ठ्यावर यंत्र निवडायच्या अटी लिहिल्या. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: धूर आत, माणूस बाहेर. त्याखाली बाकीच्या. आच कमीजास्त करता आली पाहिजे. पट्ट्या टांगायला उंची पाहिजे. आतला पत्रा धुता आला पाहिजे. घरातला फ्यूज उडता कामा नये.

पहिलं यंत्र लष्कराच्या कॅम्पात सापडलं. एका बंगल्यातले निवृत्त साहेब पुण्याला चालले होते आणि सामान विकत होते. त्यात एक विलायती कपाट होतं, हिरव्या रंगाचं, कमरेएवढं, अगदी मासिकातल्यासारखं. मला वाटलं, झालं काम. अण्णांनी खिशातून कागदाची पट्टी काढली, दारात धरली, दार लावलं आणि पट्टी ओढली. ती सुळकन बाहेर आली.

"कागुद येतोय म्हंजे धूर येनार," ते मला म्हणाले.

"इंपोर्टेड आहे ते," साहेब जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "काय करणार आहात यात? हॅम?"

"चान्या," अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

अण्णा ताठ उभे राहिले आणि चान्या म्हणजे काय ते त्यांनी साहेबांना नीट, सविस्तर, आवाज न उतरवता सांगितलं. कुणाच्या घरात होतात तेही सांगितलं. मी हिरवळीकडे बघत होतो. साहेबांनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग तुम्हाला हे पसंत नाही?"

"न्हाय साहेब. दार ढिलं हाय, जाळ्या आडव्या हायत, आन् वीज एकशेधा व्होल्टची. आमच्या उद्यमबागेत असलं दार बसवलं तर संध्याकाळच्याला कामावरनं काढत्यात."

परतताना मी म्हणालो, "अण्णा, विलायती वस्तू हातची घालवलीत." ते छाती काढून पुढे चालत राहिले, ती चाल बघण्यासारखी होती.

दुसरं कपाट बाजारातल्या एका पत्रेवाल्याने दाखवलं. नवंकोरं, चकचकीत जस्ती पत्र्याचं. पत्रेवाला कानडी, "चलो ऐत्रि मिस्त्री, चलो ऐत्रि", छान आहे, छान आहे, म्हणून मालाची भलामण करत होता. अण्णांनी हात जोडले. जस्त तापलं की त्याचा धूर अंगात भरतो, ताप येतो, हे ओतशाळेत काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. "माझ्या आयेला मी जस्त खायला घालू काय?" असं त्यांनी त्याला त्याच्याच भाषेत विचारलं.

तिसरं एका फॅब्रिकेशनच्या शेडमागे, गवतात पडलेलं होतं. वेल्डिंगच्या कांड्या कोरड्या ठेवायचा जुना ओव्हन. उभा, जाड दाराचा, दोन पत्र्यांच्या मध्ये काचेचा कापूस भरलेला, आच ठरवायचं बटण शाबूत. अण्णांनी कागदाची पट्टी दारात धरून ओढली. पट्टी फाटली, पण बाहेर आली नाही. फाटका तुकडा त्यांनी मला असा दाखवला, जणू मुलाचा निकाल लागला होता.

पुढचे तीन रविवार आम्ही त्या डब्यावर घालवले. आतला गंजका पत्रा काढून स्टेनलेस स्टीलचा बसवायचा होता. मी टेपने आतलं माप घेतलं, अण्णांनी पत्रा आखला, कापला, वाकवला, झाळला. बसवायला गेलो तर आत जाईना. ठोकून पाहिलं, तिरका करून पाहिला. दोन फुटांच्या पत्र्यात दोन सूत जास्त. अण्णांनी खिशातली पितळी पट्टी काढून बघितली आणि मटकन खाली बसले. लोखंड आटतं म्हणून वाढवलेल्या त्या पट्टीने त्यांनी न आटणारा पत्रा मोजला होता. तीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रीची ही चूक मी कारखान्यात सांगू नये म्हणून त्यांनी मला वहिनींकरवी दोन दिवस शिरा खाऊ घातला. मी सांगितली नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

अखेर डबा उभा राहिला. खाली कॉइल, कॉइलवर लोखंडी ताटली, त्यात धुमसणारं जळण, वर सळ्यांना टांगलेल्या पट्ट्या, आणि धूर न्यायला छपराबाहेर काढलेला पाइप. अण्णा डब्याला नाक लावून, पांढरा रुमाल डोळ्यांवर धरून अर्धा तास बसले. रुमाल कोरडा राहिला. आजी दाराशी बसून सगळं ऐकत होती.

आता प्रश्न होता जळणाचा. अण्णांना लहानपणचा वास पक्का आठवत होता. निपाणीत गरिबाच्या चुलीत तंबाखूची वाळकी बुडखी, म्हणजे पानं खुडल्यावर उरलेले खुंट, जळायची, फुकट मिळायची म्हणून. चान्यांची चव त्या बुडख्यांची, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ते बसने निपाणीला गेले आणि पोतंभर बुडखी घेऊन आले. मटणाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या कापल्या, मीठ-हळद-तिखट लावलं आणि डबा सुरू केला. तयार झाल्यावर पहिला घास अण्णांनी घेतला, दुसरा मी.

नंतरचा तासभर आम्ही दोघे अंगणातल्या पेरूच्या झाडाला धरून उभे होतो. पृथ्वी फिरते हे मी शाळेत शिकलो होतो, पण तिचा वेग मला त्या दिवशी कळला. वहिनी लिंबू-पाणी घेऊन येत होत्या आणि हसू आवरत नव्हत्या.

डबा बंद झाला. दोन आठवडे अण्णा पुठ्ठ्यावरच्या अटी पुन्हा पुन्हा वाचायचे. मध्यंतरी आजीने पाण्याचा तांब्या समजून दिव्याची चिमणी उचलली, तेव्हा अण्णा तोंड फिरवून बाहेर गेले. मी मागे गेलो. "वरीस कुठलं रं," ते म्हणाले. "डाक्टरनं श्रिंकेज धरलं न्हाय."

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा मटण आणलं. अंगणात पाट मांडून कापायला बसले, अगदी जपून, बारीक. आजी उंबऱ्यात बसली होती. सुरीचा आवाज ती कान देऊन ऐकत होती. बराच वेळ गेल्यावर म्हणाली, "किती बारीक कापतुयास?"

अण्णा थांबले. "का गं आये?"

"आण हिकडं."

त्यांनी एक पट्टी तिच्या हातात दिली. आजीने ती बोटांत फिरवली, ताणून पाहिली. "आन् वाळल्यावर ह्यातलं ऱ्हानार काय? दोरा? बोटभर जाड पायजे आसंल तर आंगठाभर कापावं. आटतंय त्ये. एवढं कळत न्हाय व्हय तुला? एवढा मोठा मिस्त्री."

अण्णांचा हात खिशातल्या पट्टीवर गेला आणि तिथेच राहिला. मग अगदी हळू म्हणाले, "कारखान्यात पैल्या दिवशी मला ह्येच शिकवलं. मला वाटलं, ही इद्या विलायतेची."

"सरक," आजी म्हणाली.

पाटावर ती बसली. मटणाचा गोळा तिने हाताने चाचपला, रेषा कुठल्या बाजूला जातात ते बोटांनी शोधलं आणि सुरी लावली. इकडून तिकडे, मग न तोडता तिकडून इकडे. गोळा उलगडत गेला आणि त्याची एकच सलग पट्टी झाली, हातभर लांब, सगळीकडे सारख्या जाडीची. डोळे तिने मिटलेलेच होते. मी ड्रॉइंगचं काम करणारा माणूस. सरळ रेषा काढणं किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे. अण्णांनी खिशातून पट्टी काढली, त्या मांसाजवळ धरली आणि न मोजताच परत ठेवली.

"आन् ती बुडखी कुणी सांगितली जाळाय?" कापता कापताच आजीने विचारलं. "तंबाखूनं माणूस मरतंय. ती मी आंघुळीच्या पान्याला जाळायची. चान्यांखाली बाभळीची साल, वर चिंचंची एक फाटी. मला कुणी इचारलं व्हय? कागुद वाचत बसलाय नुसतं."

पुठ्ठ्यावर सगळ्या अटी होत्या, फक्त आजीला विचारायचं राहून गेलं होतं. अण्णा जे हसले ते त्यांच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि त्या वेळी रुमाल डोळ्यांवरच होता.

महिन्याभराने त्यांनी पॅटर्न शॉपच्या आठ जणांना जेवायला बोलावलं, म्हणजे स्वयंपाक दहा जणांचा होता. त्यांतले दोघे-तिघे या घरात पहिल्यांदाच येत होते. चार फुटी दारातून ते कसे आखडत आत आले ते मी बघत होतो, कारण ते मला चांगलं ओळखीचं होतं. वहिनींनी तेलावर परतलेल्या चान्या भाकरीबरोबर वाढल्या. ताटं साफ झाली. कुणीतरी डब्याकडे बोट करून विचारलं, "मिस्त्री, मशीन कुठल्या कंपनीचं?"

अण्णांनी तोंड उघडलं. आता विलायती दारापासून सगळं पुराण येणार म्हणून मी सावरून बसलो. पण त्यांनी आईकडे बघितलं आणि चक्क तिलाच बोलू दिलं.

आजीला आता फक्त उजेड-अंधार कळत होता. आवाज आला त्या दिशेला तिने तोंड केलं. "डबा माझ्या ल्योकानं केलाय," ती म्हणाली. "मटण इकत आणलेलं हाय, बाजारातनं, मेलेलं न्हाय. आन् हात माझा हाय. कुणाला आणिक वाढायचं?"

सगळ्यांनी ताटं पुढे केली. सगळ्यात आधी मी केलं, आणि त्या ताटाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा नोकरीत मिळालेल्या कुठल्याच बढतीचा नाही.

दोन वर्षांहून जास्त काळ माझी गावाकडची पत्रं कारखान्याच्या पत्त्यावर येत होती. कुणाच्या घरी राहतो ते मी घरी सांगितलंच नव्हतं. त्या आठवड्यात मी आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, पत्र लिहिलं, त्यावर घराचा पत्ता घातला, घरमालकाचं नाव आडनावासकट लिहिलं आणि गावच्या माणसाबरोबर चान्यांची पुडी पाठवली. कुणी कापल्या, कशा केल्या तेही लिहिलं. उत्तर यायला पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस माझे कसे गेले ते अण्णांना न सांगता कळत होतं. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मग कार्ड आलं, घराच्या पत्त्यावर. अण्णांनीच ते घेतलं आणि आजीसमोर मोठ्याने वाचलं. आप्पांनी मोजकंच लिहिलं होतं: 'जिन्नस पोचला. घरात पाच माणसं, पुरला नाही. त्या बाईंना माझा नमस्कार सांगणे.'

"बघ," अण्णा मला म्हणाले, "श्रिंकेज धराय इसरलास."

आजीने हात पुढे केला. कार्ड घेतलं, बोटांनी चाचपलं आणि परत दिलं. "शेवटचं पुन्यांदा वाच," म्हणाली.

अण्णांनी वाचलं. मग आजी म्हणाली, "रविवारच्याला दोन किलो जास्त आण."